गुरुवारचा चाकू

शुक्रवारी सकाळी मी चाकू उघडला आणि तो नीट वाजला. घडीचा चाकू जसा वाजायला हवा अगदी तसा. पातं अर्ध्यावर क्षणभर थांबलं, पुढे सरकलं आणि शेवटी कोरडं, भरीव ‘टक्’ झालं. मी तो मिटला आणि पुन्हा उघडला. बुधवारी संध्याकाळी हाच चाकू मी फडक्यात गुंडाळून खणात ठेवला तेव्हा त्याचा आवाज पार बसलेला होता. पातं डावीकडच्या पट्टीला घासत होतं. शिवाय मुठीच्या पोटात जी पोलादी कमानी असते, जिच्या दाबावर घडीच्या चाकूचा सगळा जीव, तिच्या टोकाला एक उंचवटा माझ्या हातून राहिला होता. कानशीचा एक फटका वाकडा गेला होता. आता शुक्रवारीच बघू, असं म्हणून मी खण लावला होता. गुरुवारी शेड उघडी असते, पण मी नसतो. गेली नऊ वर्षं दर गुरुवारी मी आणि रेणुका शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला जातो. म्हणजे मधल्या एका दिवसात कोणीतरी माझा खण उघडला, चाकू खोलला, कमानीचा उंचवटा काढला, सगळं परत जोडलं आणि फडक्याची घडीसुद्धा जशीच्या तशी घालून ठेवली. चोर शिरून काही घेऊन गेला तर माणूस ओरडतो, शेजारी जमतात. चोर शिरून काही दुरुस्त करून गेला तर कुणाला सांगायचं?

तो काही भाजी चिरायचा चाकू नव्हता. बंगळूरला स्थायिक झालेले एक दातांचे डॉक्टर आहेत, असल्या चाकूंचे शौकीन, माझ्याकडून आधी तीन चाकू घेऊन गेलेले. या वेळी त्यांनी मुठीसाठी मॅमथची दाढ पाठवली होती. सायबेरियाच्या बर्फात सापडलेली, हजारो वर्षांपूर्वीच्या केसाळ हत्तीची दाढ. कापून, आत राळ भरून पक्क्या केलेल्या तिच्या दोन चपट्या पट्ट्या, त्यांवर निळ्या-तपकिरी लाटा. दातांच्या डॉक्टरला शौकासाठीसुद्धा दाढच सुचावी याचं मला हसू आलं होतं. मुठीच्या टोकाला उल्केचं लोखंड, आभाळातून पडलेलं. त्याला आम्ल लावलं की आडव्यातिडव्या रेघा उमटतात, त्या कुणी कोरलेल्या नसतात. पातं शेकडो थरांच्या पोलादाचं. रेणुकानं ती दाढ हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाली, “अहो, मेलेल्या जनावराचा दात घरात कशाला? देव्हाऱ्याच्या आसपास तरी ठेवू नका.” यातलं काही दुसऱ्यांदा मिळणार नव्हतं. चाकू अजून कच्च्या पिनांवर होता, म्हणजे खोलता येत होता. पक्क्या पिना ठोकल्या की जे झालं ते झालं.

आता मुद्द्याचं सांगतो. दिवाळीपासून माझा उजवा अंगठा थरथरतो. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. रेणुकाला नाही, हिंजवडीला नोकरी करणाऱ्या आमच्या ओंकारला नाही, आणि डॉक्टरकडे तर गेलोच नाही, कारण डॉक्टरकडे गेलं की दुखण्याला नाव मिळतं आणि मग ते जात नाही. तळेगावच्या बाजूला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी एकतीस वर्षं काढली. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी चूक मी नखानं सांगायचो. साहेब लोक माझ्याशी अदबीनं बोलायचे ते माझ्या शिक्षणामुळे नव्हे, या अंगठ्यामुळे. निवृत्त झाल्यावर लोणावळ्यात, वलवणला, घरामागच्या शेडमध्ये मी चाकू करायला घेतले. प्रत्येक चाकूच्या पात्याच्या बुडाशी मी एक अक्षर काढतो. अ. अमृतचा अ. पात्यावर रेणुकाची नेलपॉलिश लावायची, वाळली की सुईनं तीत अक्षर कोरायचं, मग मिठाचं पाणी आणि बॅटरी लावली की तेवढंच पोलाद खाल्लं जातं. चाकू मनासारखा झाला नाही तर अक्षर काढायचं नाही, हा माझा नेम. असे चाकू मी हातोड्यानं मोडलेत. तेव्हा हात गेला म्हणजे अक्षर गेलं, आणि अक्षर गेलं की मागे उरतो तो पेपर वाचून संपल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करणारा एक म्हातारा. मला त्या म्हाताऱ्याची भीती वाटत होती, अजूनही वाटते.

गंमत अशी की गेल्या चार महिन्यांत शुक्रवारी माझा हात बरा असायचा. म्हणजे मला तसं वाटायचं. बुधवारी अडखळणारा चाकू शुक्रवारी सुरळीत चालायचा. मी म्हणायचो, एका दिवसाची विश्रांती कामाला आली. आणि मनातल्या मनात म्हणायचो, बाबांची कृपा. शिरगावला मी मुकाट्यानं एक नारळ जास्त द्यायला लागलो होतो. रेणुकानं विचारलं की सांगायचो, ओंकारसाठी. पण या वेळची चूक मला पाठ होती. तिची जागा मी डोळे मिटून दाखवली असती. बाबांनी माझा हात बरा केला असेल, ते समर्थ आहेत. पण कमानी घासायला ते माझ्या बाकावर येऊन बसणार नाहीत. म्हणजे माणूसच. आणि माणूस असेल तर त्याला माझ्या हाताचं कळलेलं होतं. खरी भीती ती होती. चाकूला कुणी हात लावला याचा राग नंतरचा.

त्या दिवशी मी काही काम केलं नाही. बाकावर बसून एकेकाला समोर उभं केलं. पहिला ओंकार. चाकूंचे फोटो इंटरनेटवर तोच टाकतो, गिऱ्हाइकांशी तोच बोलतो. त्याच्याकडे कुणाची तक्रार आली असेल आणि त्यानं गुपचूप एखादा कारागीर लावला असेल. आजकालच्या मुलांना बापाला दुखवायचं नसतं, म्हणून ती बापाला फसवतात. दुसरा तो पुण्याचा दाढीवाला, जो डिसेंबरात ‘काका, फक्त बघायला आलोय’ म्हणत आला आणि दोन तास माझ्या अवजारांचे फोटो काढत बसला. माझी कमानी कशी बसवतात ते शिकायला हा चोरून येत नसेल कशावरून? पण शिकायला आलेला दुरुस्त कशाला करेल? मग तिसरी रेणुका. शेडची दुसरी किल्ली तिच्याकडे असते. गुरुवारी ती माझ्याबरोबर असते हे खरं, पण किल्ली देता येते. जेवताना मी तिच्याकडे बारीक डोळ्यांनी बघत होतो.

“आमटी खारट झालीय का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग असं काय बघताय, पोलिसानं लायसन बघावं तसं?”

“काही नाही,” मी म्हटलं. ती गप्प बसली आणि मला वाटलं, हिला माहीत आहे. पस्तीस वर्षं संसार केलेली बाई गप्प बसते तेव्हा तिला काहीतरी माहीत असतंच, पण नेमकं काय, ते तिच्या तोंडावरून कधी कळत नाही. मी आमटीचा भुरका मारला, चमचा मुद्दाम डाव्या हातात घेतला नाही, आणि तो उजव्या हातात घेताना तिनं पाहिलं की नाही हे पाहिलं. तिनं ताटाकडेच पाहिलं होतं. नको इतकं ताटाकडे पाहिलं होतं.

सावळाचा विचार मी सगळ्यांत आधी केला होता आणि सगळ्यांत आधी सोडूनही दिला होता. सावळा माझ्याकडे अकरा वर्षं आहे. पवनानगरच्या वरच्या अंगाला, डोंगरात, त्याची ठाकरवाडी. जीपनं कामशेतपर्यंत, तिथून लोकलनं लोणावळा, आणि नऊला शेडबाहेरच्या पडवीत त्याचं पॉलिशचं चाक सुरू. मूठ घासणं, पातं चमकवणं हे त्याचं काम. कमानी, पिना, जोडणी हे माझं. मध्ये एक पत्र्याची भिंत. पहिल्याच आठवड्यात त्यानं माझी कानस उचलली होती, डाव्या हातानं. तो डावखुरा. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणालो, “डाव्या हातानं कानस धरणाऱ्याचं काम सरळ येत नाही. तू आपलं चाक बघ.” मला माझ्या फोरमननं हे शिकवलं होतं, आणि त्याला त्याच्या फोरमननं शिकवलं असणार, खरं आहे का हे कुणी तपासलं नव्हतं. सावळा ‘बरं’ म्हणाला आणि त्यानंतर अकरा वर्षं त्यानं कानशीला हात लावलेला मी पाहिला नाही. म्हणून माझा संशय त्याच्यावर गेला तो एवढाच, की गुरुवारी चहापाण्याचे पैसे घेऊन यानं कोणाला तरी आत सोडलं असेल. यानं स्वतः काही केलं असेल, असं माझ्या डोक्यातही आलं नाही. चोरी त्याला जमेल असं मला वाटत होतं, कमानी जमेल असं वाटत नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू.

आणखी एक गोष्ट मला खुपायला लागली. मी चाकू उघडून बघितला की पलीकडचं घासणं थांबायचं. टक् झालं की क्षणभर शांतता, मग पुन्हा घर्रर्र. हे वर्षानुवर्षं होत असेल, माझ्या लक्षात आत्ता आलं. मी मुद्दाम चाकू मिटला, उघडला. घासणं थांबलं. पुन्हा उघडला. पुन्हा थांबलं. हा माझ्यावर पाळत ठेवतोय की काय? दुपारच्या चहाला मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, “काल कोणी आलं होतं का रे?”

“काल? न्हाई बा.” त्यानं डाव्या हातात कप धरला होता. “कुरियरवाला आलता. म्या म्हनलं, भाऊ शिरगावला गेल्यात, उद्या या.”

“आत आला होता?”

“दारातूनच गेला.” मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, “काय गेलं का भाऊ?”

“जायचंय काय?”

“न्हाई, तुमी इचारलं म्हून.”

त्यानं कप विसळून उपडा घातला आणि तो चाकाकडे गेला. ‘काय गेलं का’ हे त्यानं ज्या घाईनं विचारलं ते मला खटकलं. ज्याचं मन साफ आहे त्याच्या तोंडी पहिला प्रश्न हाच येईल का, असा मी संध्याकाळपर्यंत विचार करत राहिलो. ज्याला आयुष्यभर हरवलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल आधी विचारलं गेलंय त्याच्या तोंडी येईल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पुढच्या बुधवारी मी सापळा लावला. टूलरूममध्ये एक तेलकट निळा रंग असतो. दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का हे बघायला एका भागाला तो पुसट लावतात आणि दुसरा त्यावर टेकवून हलवतात. जिथला रंग उडाला तिथे उंचवटा. हा रंग एकदा बोटांना लागला की दोन दिवस साबणाला दाद देत नाही. डॉक्टरांच्या चाकूवर असला खेळ करायला मन धजेना. म्हणून रेड्याच्या शिंगाच्या मुठीचा एक साधा चाकू हातात होता तो घेतला. त्याच्या कमानीत मुद्दाम चूक करायची ठरवली, कानस लावली, आणि कळलं की मुद्दाम करायची गरजच नाही. मी सरळ घासायला गेलो आणि फटका वाकडा गेला. मी कानस खाली ठेवली. मग कमानीला आतून निळा रंग भरपूर फासला, चाकू जोडला, उघडून त्याचा बसका आवाज पलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं वाजवला, फडक्यात गुंडाळला आणि खणात ठेवला. शोधायचं काही उरलं नव्हतं, फक्त शुक्रवारी सगळ्यांचे हात बघायचे होते. मी स्वतःवर खूश होतो.

शिरगावला रांगेत उभा असताना मला माझ्या अंगठ्यावर निळं दिसलं. मी ते रुमालानं पुसलं. रुमाल खिशात ठेवताना खिसा निळा झाला. प्रसादाचा पेढा घेतला, त्याच्यावर निळं बोट उमटलं. तो मी पटकन तोंडात टाकला. रेणुका पुढे सरकताना मी तिचा पदर सावरला, तिथेही निळं. चोराला लावलेला रंग मी स्वतः देवापर्यंत नेला होता. दर्शन घेताना मला एकच भीती, की चुकून कशाला हात लागू नये. येताना वाटेत चहाला थांबलो. पांढऱ्या कपाच्या कडेला माझ्या अंगठ्याचा ठसा उठला. एक ठसा नव्हता. एकावर एक चार-पाच, थोडे थोडे सरकलेले, कुणी शिक्का पुन्हा पुन्हा मारून बघावा तसे. माझ्या आधी तो रेणुकानं पाहिला. तिनं कप माझ्या हातातून घेतला, पदराच्या टोकानं कड पुसली, कप परत माझ्या हातात दिला आणि माझा डावा हातही ओढून त्याला लावला.

“गरम आहे,” ती म्हणाली. “दोन्ही हातांनी धरा.”

चहा कोमट होता. म्हणजे हिला माहीत होतं. कधीपासून, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी दोन्ही हातांनी चहा प्यालो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत राहिलो. मग वाटलं, हिला माहीत आहे म्हणजे ओंकारला माहीत आहे, ओंकारला माहीत आहे म्हणजे गिऱ्हाइकांना माहीत आहे, आणि सगळे मिळून माझ्याशी असे वागताहेत जसं मी लहानग्या ओंकारशी पत्त्यांत मुद्दाम हरायचो. घरी येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. तिनं तेही चालवून घेतलं.

चार वाजता शेडवर पोचलो. कडीला निळं होतं, माझंच, बुधवारचं. गुरुवारी माझी किल्ली सावळाकडे असते; कडी सकाळी त्यानं उघडली होती, म्हणून त्याची बोटं निळी होती. रेणुकाची बोटं तर वाटेतच निळी झाली होती. सापळ्यात सगळे अडकले होते, म्हणजे कोणीच अडकलं नव्हतं. असला गाढवपणा टूलरूममधल्या माणसानंच करावा. मी आत गेलो, खण उघडला, चाकू उघडला. टक्. सुरेख टक्. पलीकडचं घासणं थांबलं. मी दार लोटून घेतलं, पिना काढल्या आणि कमानी उजेडात धरली.

निळा रंग कोणी पुसून टाकला नव्हता. कोणीतरी तो वाचला होता. जिथला उडाला तिथे दगडानं घासलं होतं, उरलेला रंग बोटानं पुन्हा पसरून परत बसवून बघितलं होतं, परत घासलं होतं. आणि आता सबंध टोकावर निळे ठिपके सारख्या अंतरावर, सारख्या दाटीनं उभे होते. असे ठिपके एकतीस वर्षांत मी तीन माणसांच्या कामात पाहिलेत, त्यांतला एक मी. माझ्या चोराला मी रंग लावून पकडायला गेलो आणि त्याला वाटलं, भाऊंनी काम सोपं करून ठेवलंय. मग मला दगडाच्या रेघा दिसल्या. बारीक, तिरप्या. माझ्या रेघा उजवीकडे झुकतात, कोणाही उजव्या माणसाच्या झुकतील तशा. या डावीकडे झुकलेल्या होत्या. मला आधी आला तो राग. आभार वगैरे नाही. अकरा वर्षं मी याला शिकवलं नव्हतं आणि यानं शिकून घेतलं होतं, याचा राग.

“सावळा,” मी बाहेर जाऊन म्हटलं, “चाक बंद कर. हा चाकू तू खोललास?”

त्यानं माझ्या हातातल्या कमानीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे.

“व्हय.”

“कोणाला विचारून?”

“कुनालाच न्हाई.” तो उभा राहिला. “आवाज बसला व्हता भाऊ. भिताडाच्या पल्याड मला समदं ऐकू येतं. बुधवारी तुमी उघडला, त्यो अडाकला. मग घरी गेल्यावं बी त्योच आवाज डोस्क्यात. दातात कायतरी अडाकल्यावानी. ऱ्हावलं न्हाई.”

“कधीपासून चाललंय हे?”

“दिवाळीपास्नं.”

“किती?”

“पाच. ह्यो साधा आन त्यो दाढंचा धरून सात.”

पाच चाकू माझं अक्षर घेऊन गेले होते. त्यांतला एक डॉक्टरांचा, जानेवारीतला. ‘अमृतराव, या वेळी तुम्ही कमाल केलीत’ असा त्यांचा फोन आला होता, आणि ते वाक्य मी रेणुकाला दोनदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा थोडं वाढवून.

“मला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? तुमचा हात गेलाय म्हून सांगू?” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “तुमीच म्हनलं व्हतं, कानस धरू नगं. कळलं असतं तर घालवून दिलं असतं मला.”

ते खरं होतं. दिलं असतं. त्या क्षणी मला काय झालं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. मी म्हणालो, “डॉक्टरांच्या चाकूवर तुझं अक्षर काढू. सा.” बोलतानाच मला माझाही संशय आला. मी याला काही देत होतो, की याचं तोंड बंद करत होतो? पण सावळा एक पाऊल मागे सरकला.

“नगं.”

“का?”

“माझं नाव? चाकूवं?” तो हसला, पण ते हसणं काही मजेचं नव्हतं. “गेल्या सालचं इसरला का भाऊ? कोयत्याचं?”

मी विसरलो नव्हतो. गेल्या वर्षी धरणाकडच्या कुठल्याशा बंगल्यात चोरी झाली होती आणि रस्त्यावर तपासणी चालू होती. सावळाच्या पिशवीत कोयता निघाला, जसा त्याच्या वाडीतल्या प्रत्येक माणसाच्या पिशवीत निघेल. त्याला चौकीत बसवून ठेवलं. त्याची बायको, बबिता, हिचा मला दुपारी बाराला फोन आला. “भाऊ, तुमी येऊन सांगा, तुमच्याकडं कामाला हाय म्हून. आमचं कोन ऐकतंय?” मी ‘बघतो’ म्हणालो. हातात एक पिन होती, ती बसवली. मग दुसरी बसवली. मी पाच वाजता गेलो. काम होतं हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. त्या पाच तासांत मी पुन्हा पुन्हा स्वतःला विचारत होतो, कशावरून नसेल यानं केलं? मी गेल्यावर दोन मिनिटांत सोडलं. परत येताना सावळा गाडीत मागे बसला आणि ‘बरं झालं आला’ एवढंच म्हणाला.

“त्यो लाकडं तोडायचा कोयता,” सावळा आता म्हणत होता, “त्याच्यावं नाव बी न्हवतं, तरी दिसभर बसवलं. ह्यो असला आभाळातल्या लोखंडाचा चाकू, आन त्याच्यावं माझं नाव. म्या केला म्हून कुनाला खरं वाटंल? चोरला म्हनत्याल. तुमचंच अक्षार बरं हाय. त्याला कुनी इचारत न्हाई.”

मी ज्या अक्षरासाठी चार महिने जिवाचं रान केलं, ते या माणसाला नको होतं, कारण त्याला ते परवडणारं नव्हतं. मी पाच वाजता आलो होतो हे तो बोलला नाही. त्यानं बोलायला हवं होतं, मला जरा बरं वाटलं असतं.

शुक्रवारी आम्ही डॉक्टरांच्या चाकूच्या पक्क्या पिना ठोकल्या. मी मूठ धरली, सावळानं हातोडी मारली, डाव्या हातानं, लहान लहान ठोके. दुपारी मी पात्यावर नेलपॉलिश लावली, वाळू दिली, सुई हातात घेतली. अ काढला तर खोटं. सा काढला तर त्याच्या गळ्यात फास. मी सुई खाली ठेवली आणि रेणुकाकडून नेलपॉलिश पुसायचं औषध मागून आणलं. तिनं बाटली देताना विचारलं, “बिघडलं का काही?” मी म्हटलं, “हात बिघडलाय. दिवाळीपासून.” ती म्हणाली, “दसऱ्यापासून.” आणि ताकाची रवी धुवायला घेतली.

डॉक्टर शनिवारी सकाळी आले, सहकुटुंब पवनेच्या काठी तंबूत राहायला निघालेले. बाकीचे गाडीत बसले, ते एकटे शेडमध्ये आले. स्टुलावर बसून त्यांनी फडकं उलगडलं. दाढेच्या लाटांवरून अंगठा फिरवला. उल्केच्या रेघा उजेडात तिरप्या करून पाहिल्या. मग खिशातून भिंग काढलं, पात्याच्या बुडाशी नेलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

“अमृतराव, तुमचं अक्षर राहिलं.”

“राहिलं नाही. काढलं नाही.”

“म्हणजे? हा तुमचा चाकू नाही?” त्यांनी चाकू पुन्हा हातात तोलला, मुठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “मी पाठवलेली दाढ हीच ना?”

ती नजर मी ओळखली. आठवडाभर ती माझीच होती. पुरता चांगला चाकू हातात धरून हा माणूस शोधत होता की आपल्याला कुठे फसवलंय. अजूनही वेळ होती. ‘गडबडीत राहिलं, पाच मिनिटं थांबा’ म्हटलं असतं तर ते खुशीत थांबले असते. मी उजवा हात उचलला आणि बाकावर ठेवला. शेजारी पिनांचा पत्र्याचा डबा होता, अंगठा त्याला टेकला. आतल्या पिना वाजायला लागल्या. डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि हातावर त्यांची नजर जरा जास्तच वेळ राहिली. तेही हातावर पोट असलेले.

“दाढ तुमचीच आहे,” मी म्हटलं. “हात माझा नाही.”

“आणि मागचा? जानेवारीतला?”

“तोही नाही. त्यावर माझं अक्षर आहे, पण ते खोटं आहे. परत करायचा असेल तर करा.”

त्यांनी भिंग खिशात ठेवलं. “मग कोणी केलाय?”

“नाव त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. तुम्ही आधी उघडून बघा.”

त्यांनी नखानं पातं उचललं. ते अर्ध्यावर थांबलं, पुढे सरकलं. टक्. पत्र्याच्या भिंतीपलीकडचं घासणं थांबलं. डॉक्टरांनी मान वर केली. इतका वेळ तो आवाज चालू होता हे त्यांना आत्ता कळलं असावं.

“बाहेर काय थांबलं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “ज्यानं चाकू केलाय तो ऐकतोय.”

आम्ही दोघंही थांबलो. डब्यातल्या पिना वाजत होत्या, मी हात काढून घेतला नाही. मग पलीकडे घासणं पुन्हा सुरू झालं, आणि मी डॉक्टरांना म्हटलं, “आता न्या.”